दहापैकी दहा

मुलगी काय करते, या सरळ प्रश्नाला मास्तरांकडे आठ महिन्यांत अकरा उत्तरं जमा झाली होती आणि त्यातलं एकही त्यांना स्वतःला धड पटलेलं नव्हतं. पायांची डॉक्टर म्हटलं की लोक गुडघे घेऊन यायचे. पावलांची म्हटलं की, "म्हणजे मालिश का?" पोडियाट्रिस्ट म्हटलं की समोरचा नुसता बघत राहायचा आणि मग मास्तरही त्याच्याकडे बघत राहायचे. एक बाई पिशवीतून चपलांचा जोड घेऊन आल्या आणि टाच शिवून हवी म्हणाल्या. एक गृहस्थ उंची वाढवायला आले. एकाने तर मोजे काढून दोन्ही तळवे मास्तरांच्या तोंडासमोर धरले आणि बढती कधी आहे ते विचारलं. मास्तरांनी त्यालाही बाकावर बसवलं, नाव लिहून घेतलं आणि आत पाठवलं. न जाणो, असेलही त्यात काही.

मास्तर होते टायपिंगचे. एकतीस वर्षं याच हॉलमध्ये त्यांचा क्लास चालायचा. तेवीस यंत्रांचा असा खडखडाट असायचा की खालच्या मजल्यावरचा शिंपी गिऱ्हाइकांशी खाणाखुणांनी बोलायचा. मास्तर वर्गाकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहायचे आणि मागे न बघता सांगायचे, "तिसरं टेबल, डावी करंगळी झोपलीय." करंगळी खरंच झोपलेली असायची. पुढे संगणक आले, यंत्रं भंगारात गेली आणि हॉलला कुलूप लागलं. मुलगी लांबच्या कॉलेजात चार वर्षं शिकून परत आली तेव्हा तो मोकळाच पडला होता.

"चार वर्षं?" तिच्या आईने तेव्हा विचारलं होतं. "नुसत्या पावलांना? मग अख्ख्या माणसाला किती लागतात?"

हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. ती छतापर्यंत काही पोचली नाही, पण नजरेआड करण्यापुरती झाली. पुढच्या भागात मास्तरांचं जुनं टेबल, बाक आणि बुटांचा रॅक. मागच्या भागात तपासायची उंच खुर्ची, दिवा, ट्रे आणि मुलीला बसायला एक चाकांचं स्टूल, एका बंद पडलेल्या सलूनमधून आणलेलं. त्याच्याही मागे, पूर्वी जिथे कागद आणि रिबिनी ठेवायचे त्या खोलीत, जावई. तो आधी दातांच्या कवळ्या बनवायचा. आता पावलांचे साचे काढून बुटात घालायचे तळ बनवत होता. "तोंडातून एकदम पायात आलो," असं तो स्वतःच आधी सांगून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती मजा घेता येऊ नये. हत्यारं धुऊन वाफेच्या यंत्रात घालायचं काम आईकडे. त्या यंत्राला ती सरळ कुकर म्हणायची. थोडक्यात, सगळं घर कामाला लागलं होतं. नेमकं कसल्या, एवढंच मास्तरांना नीट कळत नव्हतं.

पहिले दोन महिने बाक रिकामा होता. मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला लंगडत आला. त्याच्या तळव्याला वाटाण्याएवढं कुरूप झालं होतं आणि सहा वर्षं तो त्याच्यावर नाना प्रकारचे लेप थापत होता. मुलीने वीस मिनिटांत ते कोरून काढलं. बेकरीवाला खाली उतरला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मग मास्तरांच्या टेबलाभोवती चक्क तीन चकरा मारल्या. "मास्तर, तुमची मुलगी जादूगार आहे!" त्या दिवसापासून पाव बांधून देता देता तो गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघायचा आणि कोणी जरा जरी तिरका चालताना दिसला की वर पाठवून द्यायचा. दवाखान्याला पाटी होती, पण दवाखाना चालवला तो बेकरीवाल्याच्या तोंडाने.

मुलीला मात्र कुरुपांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचा ध्यास होता. ती त्याला धाग्याची परीक्षा म्हणायची. पेनाएवढी एक दांडी, तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर केस. तो तळव्याला टेकवायचा आणि जरासा वाकेपर्यंत दाबायचा. अंगठा, बोटं, चवडा, टाच, अशा दहा जागा. पेशंटने डोळे मिटून बसायचं आणि कळलं की "हो" म्हणायचं. बस, एवढंच.

"ज्यांना शुगर आहे ना बाबा, त्यांच्या पायाची जाणीव हळूहळू जाते," तिने पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "खडा टोचतो, फोड येतो, जखम होते, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणून बघत नाहीत. मग ती जखम चिघळते आणि बोट कापायची वेळ येते. हे आधी कळावं म्हणून हा धागा."

मास्तरांना हे मनापासून आवडलं. परीक्षा म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ते हेच समजावून सांगायचे आणि दर वेळी कापलेल्या बोटांची संख्या थोडी वाढवायचे.

शुगर त्यांना स्वतःलाही होती. अकरा वर्षांची. चौथ्या महिन्यात मुलगी हटूनच बसली, "लोकांना सांगता ना? मग आधी तुम्ही बसा." मास्तर उंच खुर्चीवर चढले, मोजे काढले आणि डोळे मिटले. हो, हो, जरा थांबून हो. दोन्ही पायांना दहापैकी दहा. मुलीने त्यांच्या कार्डावर पावलांच्या चित्रात दहा-दहा बरोबरच्या खुणा केल्या आणि त्यांच्या गालाचा पापा घेतला. मास्तरांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवून दिलं. कोणी का-कू करायला लागला की ते काचेवर बोट ठेवायचे. "हे बघा. अकरा वर्षांची शुगर. दहापैकी दहा. स्वतः बसलो म्हणून कळलं."

सगळं असं बरं चाललं असताना बुटांचा घोटाळा झाला.

पेशंट बूट रॅकवर काढून आत जायचे. मास्तरांचे बूटही तिथेच असायचे, कारण टेबलाखाली पाय मोकळे सोडून बसायची त्यांना सवय होती. त्या दिवशी दुपारी आतून मुलीने हाक मारली, "बाबा, जरा कोपऱ्यावरून कापूस आणता? संपलाय." मास्तर उठले, बूट चढवले, जिना उतरून औषधाच्या दुकानात गेले. तिथे गर्दी होती. ताटकळत उभे राहिले. परत येताना बेकरीवाल्याशी दोन शब्द बोलले. वर आले तर एक ड्रायव्हर मोजे घालून रॅकसमोर हताश उभा.

"माझे बूट?" ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने मास्तरांच्या पायांकडे बघितलं. "अहो, हे काय!"

मास्तरांनीही खाली बघितलं. बूट काळेच होते, नाड्यांचेच होते, पण आपले नव्हते. बाकावरचे सगळे हसायला लागले. जावई साच्याच्या चुन्याने पांढरे झालेले हात घेऊन बाहेर आला आणि तोही हसायला लागला. मास्तर तर सगळ्यांत मोठ्याने हसले. ओशाळलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"पण बसले कसे तुम्हाला?" बूट हातात घेऊन ड्रायव्हर खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "मला सात नंबर लागतो. त्यात परत तुमच्या जावयाने हा उंचवटा बसवून दिलाय. मलाच पहिले चार दिवस टोचत होता."

मास्तरांचा नंबर नऊ होता.

हसू ओसरल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि मोजे काढले. डाव्या करंगळीची बाहेरची बाजू सोलवटून निघाली होती. मोज्याला रक्त लागलं होतं, चांगलं नाण्याएवढं. मास्तर वाकून बघत राहिले. ते बोट आपलंच आहे यात शंका नव्हती, पण ते दुसऱ्याच कोणाच्या भानगडीत सापडल्यासारखं दिसत होतं. दुखत नव्हतं. मुळीच दुखत नव्हतं.

मग ते दहापैकी दहा कुठून आले?

त्यांनी पट्टी लावली आणि टेबलाशी येऊन बसले. घाईत लक्ष गेलं नसेल. मोजा जाड असेल. की त्या चार महिन्यांत पाय बिघडला? चार महिन्यांत एवढा? घरी कोणी नसताना त्यांनी टाचणीच्या डोक्याने स्वतःच स्वतःला टोचून बघितलं. डोळे उघडे ठेवले तर दिसायचं. डोळे मिटले तर ज्या हाताने टोचायचं त्या हातालाच कळायचं. मग पायाला कळलं की हाताला, हे ठरवायचं कोणी? बायकोला सांगितलं, "अगं, जरा टोचून बघतेस का?" तिने कमरेवर हात ठेवले. "मी कशाला टोचू? घरात डॉक्टर आहे. मी उठताबसता टोचत असते ते कमी पडतंय का?" डॉक्टरला सांगायचं म्हणजे तिने दिलेले दहा मार्क खोटे होते असं सांगायचं, आणि तेही तिच्या तोंडावर. ते त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत एका बाईंची परीक्षा चालू होती आणि मास्तर बाहेर, प्लायवूडकडे पाठ करून, पेशंटची कार्डं अक्षरांप्रमाणे लावत बसले होते. हात काम करत होते आणि तोंडाने ते आपले नेहमीसारखे पुटपुटत होते. हो. हो. मग एक शांतता. हो.

मास्तरांचे हात थांबले. आतल्या बाई "हो" म्हणत होत्या हे खरं, पण मास्तरांचं "हो" त्यांच्या आधी निघत होतं.

त्यांनी श्वास रोखून ऐकलं. कुर्र. "हो." कुर्र. "हो." मग लांबलचक शांतता. मुलगी मुद्दामच मधे थांबायची, म्हणजे पेशंटला ठेका सापडू नये. पुन्हा कुर्र आणि पुन्हा "हो". ते कुरकुरत होतं स्टूल. मुलगी धागा टेकवायला पुढे झुकली की त्याच्या मानेतून बारीकसा आवाज यायचा, आणि ती नुसतीच थांबलेली असली की यायचा नाही. आठ महिने ती त्यावर बसत होती. तिला तो ऐकू येत नव्हता, कारण रोजचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. मास्तरांना तो ऐकू येत होता. फक्त आपल्याला तो ऐकू येतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आपण खुर्चीवर बसून खोटं बोललो का? नाही, शपथेवर सांगतो, नाही. त्यांना खरोखर कळलं होतं. दर वेळी तळव्याला काहीतरी लागलंय असं अगदी स्पष्ट वाटलं होतं. की आवाज आला म्हणून वाटलं? ते जितका विचार करत तितका गुंता वाढत होता. आणि मग त्या गुंत्यातून एक दुसरंच भूत बाहेर आलं. ही आतली बाई? हिला पाय कळतोय की स्टूल? आणि हातातली ही कार्डं? शुगरची माणसं यात साठाच्या वर होती. "तुमचा पाय उत्तम आहे, वर्षाने या," असं सांगून मुलीने त्यांना घरी पाठवलं होतं. आणि ते ऐकून मास्तरांनी प्रत्येकाचं हसून अभिनंदन केलं होतं.

तीन दिवस ते काही बोलले नाहीत. त्यांना उगाच शहाणपण शिकवायला जाऊ नका, त्यांच्या जागी तुम्ही असता तर सहा दिवस घेतले असते. कदाचित आवाजावर जगलेल्या एका टायपिंगमास्तरालाच तो ऐकू येत असेल, बाकीच्यांना नसेलही. मग उगाच मुलीच्या कामाला बट्टा कशाला लावायचा? लोकांना आत्ता कुठे जिना चढायची सवय लागत होती. पायाच्या डॉक्टरच्या बापाचंच बोट सडलं अशी बातमी उठली तर बेकरीवालासुद्धा दुसरीकडे बघेल. पण चौथ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तर करंगळी लालभडक सुजली होती आणि कडेला पिवळं दिसत होतं. तरी दुखत नव्हतं. त्या न दुखण्याचीच मास्तरांना जन्मात वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

दवाखाना उघडायच्या आधी ते आत गेले आणि उंच खुर्चीवर जाऊन बसले.

मुलीने करंगळी बघितली. तिचा चेहराच उतरला. "कधीपासून?"

"बुटांच्या दिवसापासून."

"आणि आज सांगताय? बाबा, मी दिवसभर तुमच्यापासून दहा हातांवर बसलेली असते ना? पेशंटला म्हणता रोज पाय बघा, आणि स्वतः..." ती हातमोजे चढवून जखम धुवायला लागली. धुता धुता थांबली. "पण तुम्हाला तर सगळं कळत होतं. मीच तपासलंय."

"तेच सांगायला आलोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्टुलाचं सांगितलं. सांगताना त्यांची ततपप झाली, वाक्यं उलटीसुलटी झाली, ड्रायव्हरचे बूट मधेच घुसले. मुलगी ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं.

"असं नसतं हो. मी मधे मधे थांबते. कोणाला अंदाज येऊच शकत नाही."

"मग घे परत परीक्षा."

त्यांनी डोळे मिटले. ती स्टुलावर बसली. थोडा वेळ काहीच नाही. मग अंगठ्याला लागलं. "हो." पुन्हा शांतता. मग चवड्याला. "हो." लगेच टाचेला. "हो," मास्तर म्हणाले आणि त्यांना हायसंच वाटलं. पाय ठीक होता. आपण उगाच पोरीचा जीव टांगणीला लावला.

"बाबा, डोळे उघडा."

त्यांनी उघडले. मुलगी स्टुलावर होती. दोन्ही हात तिने पाठीमागे बांधले होते. धागा पलीकडे ट्रेमध्ये पडला होता.

"मी फक्त झुकत होते," ती म्हणाली. ती रडत नव्हती, पण रडली असती तर बरं झालं असतं.

मग स्टूल बाजूला ढकलून ती खाली फरशीवर बसली आणि तिने खरी परीक्षा घेतली. उजव्या पायाला सहा, डाव्याला चार. नवीन कार्डावर तिने ते लिहिलं. काचेखालचं कार्ड मास्तरांनी स्वतः काढून दिलं.

त्या सकाळी दरवाजाला आतून कडी घालून चौघं बसली. जावयाने आधी स्टूल उलटं करून बघितलं, मान गोल फिरवली आणि दोन थेंब तेल घातलं. आवाज बंद. एवढ्याशा तेलाने जे थांबलं असतं ते बघून सगळ्यांना जास्तच वाईट वाटलं.

"माझं ऐकाल?" जावई म्हणाला. "बोभाटा करू नका. लोक पुढच्या वेळी येतील तेव्हा नीट तपासू. कोणाला कळायचंही नाही."

"पुढच्या वेळी म्हणजे वर्षाने," मुलगी म्हणाली. "वर्षात काय होतं ते चार दिवसांत बघितलं ना तू?"

"अगं, पण सांगणार काय?" मध्ये मास्तरच बोलले, आणि आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे त्यांनाही कळेना. "आपण करतो काय, हेच लोकांना अजून कळलेलं नाही. त्याच्या आधी आपण ते चुकीचं केलं, हे त्यांना कसं कळवायचं?"

आई इतका वेळ कार्डं चाळत होती. तिला त्यातल्या खुणा आता वाचता येत होत्या. तिने पाच कार्डं वेगळी काढून टेबलावर ठेवली. "हे पाच नापास झालेत. बरोबर?"

"हो," मुलगी म्हणाली. "म्हणून तर मला वाटलं की परीक्षा नीट चाललीय. नापास होत होते ना लोक."

"यातले तिघं ठार बहिरे आहेत," आई म्हणाली. "त्यांना कुठे दुखतंय ते विचारायला मी स्वतः ओरडलेय."

जावयाने तेलाची बाटली बंद केली आणि तो आपल्या खोलीत गेला. मुलीने सगळी कार्डं मास्तरांसमोर सरकवली.

"फोन तुम्ही करा, बाबा. तुमचं ते ऐकतात."

मास्तरांनी फोन पुढ्यात ओढला. सुरुवात कोणापासून करायची याचा त्यांनी बराच खल केला आणि शेवटी आपल्या माणसापासून केलेली बरी म्हणून बेकरीवाल्याला लावला. शुगर त्यालाही होती, आणि निदान तो तरी चिडणार नाही.

"तुम्हाला परत यावं लागेल," मास्तर म्हणाले.

"का हो? कुरूप तर गेलं माझं."

"कुरूप नाही. धाग्याची परीक्षा. ती पुन्हा घ्यायचीय."

"मी पास झालो होतो की! दहापैकी दहा. तुम्हीच तर हात मिळवला होता."

"हो. पण..." एकतीस वर्षांत जे कधी बोलावं लागलं नव्हतं ते बोलायची वेळ आली होती. "पेपर फुटला होता."

"कुणी फोडला?"

"स्टुलाने."

"मास्तर," बेकरीवाला काळजीने म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना? थांबा, मी येतोच."

तो आला तो अंगाला पीठ लागलेला, पायात सपाता, आणि आल्या आल्या त्याने मास्तरांच्या कपाळाला हात लावून बघितला. मास्तरांच्या डाव्या पायात आता जावयाने पुढून कापून दिलेला एक मोठा ओबडधोबड बूट होता. "हे काय नवीन?" बेकरीवाल्याने विचारलं. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, पण मुलगी म्हणाली, "नंतर सांगा. आधी आत चला दोघं. बाबा, लिहायला तुम्ही बसा."

आठ महिन्यांत मास्तर पहिल्यांदाच दुसऱ्याची परीक्षा चालू असताना भिंतीच्या या बाजूला बसले. मांडीवर कोरं कार्ड होतं. त्यावर दोन पावलांचं चित्र आणि प्रत्येकात दहा रिकामे गोल. बेकरीवाला खुर्चीत ऐसपैस रेलला. भट्टीसमोर उभं राहून त्याच्या पावलांची कातडी तांबूस, जाड झाली होती, आणि डाव्या टाचेजवळ भाजल्याचा एक जुना काळसर डाग होता. याला विचारायला हवं, हे कधी भाजलं, असं मास्तरांच्या मनात आलं. मग वाटलं, यालाही ते ठाऊक नसेल.

"डोळे मिटा," मुलगी म्हणाली. "कळलं की हो म्हणा. बाकी काही बोलू नका."

"माहितीय हो. पास झालेला माणूस आहे मी." बेकरीवाल्याने डोळे मिटले आणि हाताची घडी घातली.

मुलगी फरशीवर दुमडलेल्या टॉवेलवर बसली होती. ती पुढे झुकली तेव्हा कुठेच काही वाजलं नाही. धागा अंगठ्याला टेकला आणि वाकला. मास्तरांनी बेकरीवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या जिभेवर "हो" अगदी येऊन थांबलं होतं, ते त्याच्या तोंडात घालता आलं असतं तर त्यांनी घातलं असतं. मुलीने मानेनेच खूण केली. मास्तरांनी पहिल्या गोलात फुली मारली.

मग मधलं बोट. मग करंगळी. धागा दर वेळी वाकत होता, सरळ होत होता. चवड्यावर तीन जागा. पावलाची आतली बाजू, बाहेरची बाजू. मास्तर एकेका गोलात फुली मारत होते. मुलीने टाचेवर एकदा दाबलं, थांबली, आणि नियमात नसताना पुन्हा एकदा दाबलं. मग पावलाची वरची बाजू. दहा झाल्या. एका पायाचे सगळे गोल भरले होते आणि खोलीत अजून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

बेकरीवाला शांतपणे, शहाण्या विद्यार्थ्यासारखा, डोळे मिटून बसला होता. आणखी थोडा वेळ त्याने वाट बघितली. मग जराशी चुळबुळ केली आणि आवाज शक्य तितका नरम करून, कोणाला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला,

"डॉक्टरबाई, करा की आता सुरुवात. भट्टी पेटवून आलोय."